पाऊस वर, साठा खाली. तारखा का सरकतात?

प्रश्न : परभणीचा आठवडी पाऊस (मिमी, खांब) आणि जायकवाडी धरणाचा जिवंत साठा (दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, यंदाची व गेल्या वर्षीची रेघ) असे दोन आलेख ‘आर’ या संगणकभाषेत जीजीप्लॉट या आलेखांच्या पॅकेजने काढून ग्रिड-अरेंज या आज्ञेने वर-खाली जोडले. वरच्या १ ऑगस्टखाली खालचा १ ऑगस्ट येत नाही. आकड्यांपुढे रिकाम्या जागा टाकून जुळवले, तर फॉन्ट बदलताच पुन्हा बिघडले.
— एक वाचक, परभणी

उत्तर : ग्रिड-अरेंज कागदाचे सारखे कप्पे पाडते आणि प्रत्येक आलेख अक्षावरचे आकडे, शीर्षक, सूची (कोणती रेघ कशाची ते सांगणारी) यांसकट एकेका कप्प्यात बसवते. ‘१५०’पेक्षा ‘२०००’ला डावीकडे जास्त जागा लागते, शिवाय खालची सूची उजवीकडून जागा खाते. उरते ती खांब-रेघा काढायची चौकट, म्हणून दोन्ही चौकटींची रुंदी वेगळी. फॉन्टागणिक आकड्याची आणि रिकाम्या जागेची रुंदी बदलते, त्यामुळे हाताने केलेली जुळणी टिकत नाही.

आलेख जोडणारे पॅचवर्क हे पॅकेज वापरा. ‘पाऊस / साठा’ (दोन्ही आलेखांची नावे) एवढेच लिहिले तरी ते चौकटींच्या कडा जुळवते. उंचीसाठी प्लॉट_लेआउटमध्ये हाइट्स १ आणि २ द्या. काउप्लॉट या दुसऱ्या पॅकेजचीच सवय असेल तर प्लॉट_ग्रिडमध्ये अलाइनला ‘व्ही’ आणि ॲक्सिसला ‘एलआर’, दोन्ही द्या. नुसत्या अलाइनवर सूचीचा घोळ राहू शकतो. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टंकताना रोमन लिपीत.)

कडा जुळल्या म्हणजे तारखा जुळल्या असे मात्र नाही. पाऊस १ जूनपासून आणि साठा १५ जूनपासून असेल, तर प्रत्येक आलेख आपापल्या माहितीवरून अक्ष ठरवतो. १ जून ते ३० सप्टेंबर ही मर्यादा दोघांनाही द्या, पण कोऑर्ड_कार्टेशियनच्या एक्सलिममध्ये. स्केल_एक्स_डेटच्या लिमिट्समध्ये दिली, तर ज्या खांबाची कड मर्यादेबाहेर जाते तो अख्खा खांब गळतो. आर फक्त इशारा देऊन पुढे जाते आणि जूनचा पहिला पाऊस आलेखातून नाहीसा होतो. पॅचवर्कने जोडल्यावर ‘&’ चिन्हापुढे एकदाच लिहिलेली मर्यादा दोन्ही आलेखांना लागते.

आणखी एक खोच. खांब तारखेच्या मधोमध उभा राहतो. आठवड्याच्या बेरजेला सोमवारची तारीख दिली असेल, तर खांब जवळपास अर्धा आधीच्या आठवड्यात शिरतो. तारखेत ३ दिवस मिळवा. (जायकवाडी भरते ती मुख्यतः नाशिक-नगरकडून आलेल्या पाण्यावर. तेव्हा खांब आणि रेघ एकत्र चढली, तरी परभणीच्या पावसाने धरण भरले असे लिहू नका.)

जिल्ह्यांचा नकाशाही जोडणार असाल तर त्याची लांबी-रुंदी ठरलेली असते, तो इतरांशी ताणून जुळत नाही. पॅचवर्क १.२.० पासून ‘फ्री’ ही आज्ञा आहे, नकाशा त्यात गुंडाळा.

तपासायला ‘&’ पुढे जीऑम_व्हीलाइनने १ ऑगस्टची उभी रेघ टाका. वरची आणि खालची रेघ एकाच ओळीत आली की ती रेघ वगळून आलेख छापायला द्या.