घरातली गोष्ट जाऊबाईंनी सगळ्या नात्यात पसरवली, आता काय करू?

यजमानांची नोकरी सुटल्याचं तुम्ही विश्वासानं जाऊबाईंच्या कानावर घातलंत आणि आठ दिवसांत ते सगळ्या नात्यात झालं. आता संबंध तोडू का, असं विचारताय. तोडू नका. तोडलेत तर तीच पुढची बातमी होईल.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. इथलं मराठी वर्तुळ लहान. सकाळी मुलीची पत्रिका बाहेर काढली की संध्याकाळी रावपुऱ्यात स्थळाची चर्चा! अशी माणसं पाहत आल्येय, त्यावरून सांगते: ती तोंड उघडतात ते आधी दुसऱ्याच्या घराबद्दल. ‘तू आपली म्हणून सांगत्येय हं’ म्हणून एक गोष्ट तुमच्या पदरात टाकतात आणि गप्प बसतात. मग आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि आपण आपली एक देऊन बसतो.

आमच्या गावात हे जुनंच आहे. १८७५ मध्ये बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज सरकारचा इथला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग करवल्याच्या आरोपाची चौकशी झाली. रेसिडेन्सीतली आया आणि नोकर साहेबाकडच्या बातम्या राजाकडे पोचवून पैसे घेत, असं साक्षींत आलं. महाराज दोषी की निर्दोष यावर चौकशी आयोगाची मतं तीन-तीन फुटली, तरी महाराजांची गादी गेलीच. मला त्यातलं लक्षात राहिलं ते वेगळंच: इकडचं तिकडे नेणारेच पुढे साक्षीला उभे राहून तिकडचं इकडे सांगत होते.

तेव्हा जाऊबाई दुसऱ्या कोणाचं सांगायला लागल्या की फोन हातात घ्या, ‘थांबा, तिलाच विचारते’ म्हणा. विषय तिथेच बदलतो. खोटी बातमी पेरून चोर पकडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती तुमच्या नावावर फिरेल. बदनामीला भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम आहे, पण जावेवर कोणी खटला भरतं का!

सगळ्याच चोंबड्या वाईट नसतात, हेही खरं. एका घरात सुनेला मारहाण होत होती. ते माहेरी कळवलं ते सगळ्यांच्या घरात नाक खुपसणाऱ्या एका मावशींनीच. आम्ही बाकीचे सभ्यपणे गप्प होतो.

जाऊबाईंशी एकदाच बोला, एकट्यात. ‘वहिनी, हे फक्त तुम्हाला सांगितलं होतं,’ एवढंच. फॅमिली ग्रुपवर एक अक्षर लिहू नका, स्क्रीनशॉट निघतात. आणि सासूबाईंना उडत उडत कळलं असेल, तर दोघांनी आजच जाऊन नोकरीचं काय झालं ते नीट सांगा. त्यांना राग येईल तो नोकरीपेक्षा तुम्ही आधी सांगितलं नाहीत याचाच.