सातपुड्यात तोरणमाळला कॅम्पर व्हॅन घेऊन जायचं आहे, आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून सहाजण, त्यात आई-वडील आणि दोन लहान मुलं, डिसेंबरात भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्याची आणि संडासाची सोय असलेली गाडी, घेऊन तोरणमाळला जाणार आहात, हाताशी चार दिवस आहेत आणि वर काय काय बघता येईल ते हवंय. मी तोरणमाळच्या वाटेवरच्या शहाद्याचा. पाहुणे, मित्र, एकदा भाड्याची व्हॅन, असा तोरणमाळचा घाट बऱ्याचदा चढलोय. बघण्याचं सांगतोच, पण आधी पाण्याचं बोलू. या सहलीचं सगळं गणित पाण्यावर बसतं.

आमच्या त्या व्हॅनला शंभर लिटरची टाकी होती. पाचजण होतो. अंघोळी, भांडी, संडास धरून दुसऱ्या दिवशी सकाळीच टाकी कोरडी पडली. वाटेतल्या एका पाड्यावर हापसा दिसला, तिथे गाडी लावली आणि बादल्यांनी टाकी भरायला घेतली. अर्ध्या तासाने मागे वळून बघितलं तर हंडे घेऊन सात-आठ बाया उभ्या होत्या. कुणी एक शब्द बोललं नाही. आम्हाला पाहुणे समजून त्या थांबल्या होत्या. आजही ते आठवलं की जीव खालीवर होतो. सातपुड्यात पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून सगळं पाणी वाहून जातं आणि दिवाळीनंतर कितीतरी पाड्यांवर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. म्हणून कळकळीने सांगतो, टाकी शहाद्यात काठोकाठ भरा, वीस-वीस लिटरचे तीन जार पिण्यासाठी वेगळे घ्या आणि वर गावच्या हापशाला हात लावू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, ते घाटात जाणवतं. पण त्याच्या बदल्यात कपड्यांची एखादी बॅग कमी करा, पाणी नको.

अंघोळ व्हॅनमध्ये करायचीच नाही असं ठरवून टाका. सहाजणांनी दहा-दहा लिटर म्हटलं तरी साठ लिटर तिथेच गेले. तोरणमाळला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वन विभागाच्याही खोल्या आहेत. निघण्याआधी फोन करून एक खोली घ्या आणि व्हॅन त्यांच्याच आवारात लावायची परवानगी मागा. आई-वडिलांना गरम पाणी मिळेल, रात्री कुणाला बाहेर जावं लागलं तर भीती नाही, आणि तुम्ही जंगलात विनापरवानगी मुक्काम करताय असंही होणार नाही. शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच मुक्कामी गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण जाहीर केलं खरं, पण वर वीज, पाणी, मैल्याची सोय असलेला तयार तळ मिळेल अशा हिशोबाने निघू नका.

मैल्याचा विषय संकोचाचा आहे म्हणून कुणी विचारत नाही, पण तो विचाराच. बहुतेक गाड्यांत वीसेक लिटरची काढता येणारी संडासाची टाकी असते, सहा माणसांना ती जेमतेम दोन दिवस पुरते. ती फक्त सेप्टिक टँक असलेल्या पक्क्या संडासात, मालकाला विचारून रिकामी करायची. नाल्यात नाही, झाडीत नाही. यशवंत तलावाच्या काठावर तर खरकटी भांडीसुद्धा धुऊ नका.

आता गाडी. सहाजणांना टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅनच लागेल. तिची छतासकट उंची आणि एकूण लांबी मालकाकडून लिहून घ्या. छतावर एसीचा डबा असेल तर उंची वाढते आणि रस्त्यावर आलेल्या फांद्या नेमक्या त्यालाच लागतात. डिसेंबरात एसीची गरजही नाही. बॅटरीचा हिशोब साधा आहे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशे वॉट-तास, आणि जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. छोटा फ्रिज दिवसभरात पाचेकशे खातो, म्हणजे दिवे आणि मोबाइल सोडले तर फारसं उरत नाही. फ्रिज बंद ठेवा, दूध-भाजी रोजची रोज घ्या.

थंडी हलक्यात घेऊ नका. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर आहे. तिथे आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला थंडीच्या लाटेत दव गोठल्याच्या बातम्या येतात. पत्र्याची गाडी रात्री बर्फासारखी होते. तरीही आत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून ऊब घ्यायची नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. जाड रजया घ्या आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे काचांवर पाणीही साचणार नाही.

दिवसांचं असं करा. पुणे ते शहादा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि व्हॅन कारच्या वेगाने पळत नाही. पहिल्या दिवशी नाशिक, मालेगाव करत धुळ्यापर्यंतच या. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दोंडाईचा, सारंगखेडा मार्गे शहादा. दत्तजयंतीच्या सुमारास याल तर सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार मुलांना नक्की दाखवा, पण गाडी गावाबाहेर ठेवा, यात्रेच्या गर्दीत ती वळवता येत नाही. शहाद्यात डिझेल आणि पाणी भरून, म्हसावद, राणीपूरवरून त्याच दिवशी उजेड असतानाच वर पोचा. खरं तर चार दिवसांत जाणं-येणं धरलं तर वर एकच रात्र मिळते. रजा मिळत असेल तर पाचवा दिवस घ्या, वर दोन रात्री हव्यातच.

सातपायरीच्या घाटातली वळणं अरुंद आहेत, समोरून माणसांनी भरलेल्या जीप येतात. आमची व्हॅन बघून खाली चहाच्या टपरीवरचे एक बाबा म्हणाले होते, “गाडी भलती मोठी शे, भाऊ.” पहिल्याच वळणावर मागे-पुढे करावं लागलं तेव्हा ते पटलं. चढणाऱ्या गाडीचा हक्क आधीचा, हा नियम आहे, पण तुम्हीच जागा बघून थांबलात तर बरं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपास राहा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून धरेनासे होतात. जळका वास आला की थांबायचं.

वर सीताखाई सकाळी बघा, उन्हं दरीत उतरताना. यशवंत तलाव आणि गोरक्षनाथाचं मंदिर आई-वडिलांना जमेल, मच्छिंद्रनाथाच्या गुहेचं त्यांच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. पावरा, भिल्ल लोकांच्या घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वर मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

उतरल्यावर एक मुक्काम प्रकाशाजवळ करा. तापीकाठी केदारेश्वराचं दर्शन होईल. डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचे दिवस. जंगलात आग पेटवायची नाही, पण इथे एखाद्या ओळखीच्या शेतात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजता येतात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. शेत मी सांगेन. व्हॅन ठरली की तिची लांबी-उंची आणि तारखा खाली लिहा.