मावसभावाच्या कार्बाइनला बफर कोणता?

प्रश्न : माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याच्याकडे ९ एमएमची एआर टाइप (एआर-१५ च्या धर्तीची) कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल आहे. एवढी छोटी गोळी तरी खांद्याला दणका का बसतो आणि बफर कुठला टाकावा?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अहो, दणका गोळीचा कमी आणि मागे येणाऱ्या बोल्टचा, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या भागाचा जास्त असतो. बफर म्हणजे बोल्टच्या मागे दस्त्यात बसणारं, त्याला अडवणारं वजन. या कार्बाइन बहुतेक साध्या ब्लोबॅक असतात म्हणजे बोल्टला लॉक नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं चालतं, त्यामुळे ५.५६ एमएमच्या एआर कार्बाइनचा नेहमीचा ३ औंसाचा म्हणजे साधारण ८५ ग्रॅमचा बफर इथे हलका पडतो, बोल्ट लवकर उघडतो आणि जोरात येऊन आदळतो. ९ एमएमसाठीचे बफर साधारण साडेपाच ते आठ औंस, काही त्याहून जड. पण नुसता बफर बघू नका, बोल्ट आणि बफरचं एकत्र वजन बघायचं. फार जड केलं आणि काडतूस नरम, म्हणजे कमी जोराचं असलं की बोल्ट पूर्ण मागे येत नाही, मग अडकतंच.

लांबी तर लोक विसरतातच! बोल्ट गरजेपेक्षा जास्त मागे गेला की वेग घेऊन बोल्ट कॅचवर (मॅगझिन रिकामं झालं की बोल्ट मागे धरून ठेवणारा खटका) आपटतो, तो खटका तुटतो, म्हणून लांब बफर किंवा जागा भरणारा स्पेसर. हायड्रॉलिक बफर मस्त मऊ लागतो, महाग असतो. कार्बाइन रोलर डिलेड (रोलरमुळे बोल्ट जरा उशिरा उघडणारी) असेल तर मात्र कंपनी सांगेल तोच.

आणि हो, आपल्याकडे ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेलं बोअर आहे, तेव्हा हे सगळं भावालाच कळवा, तुम्ही आपलं एअर रायफलवर भागवा.