रॉचेस्टरला यावं का? लेकराला घेऊन येणार असशील तर हे वाच

तू विचारलंस, "ताई, अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या लेसर प्रयोगशाळेत शॉक वेव्हवर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मिळतेय. बायको आणि दुसरीतला मुलगा, दोघांना घेऊन येऊ का?" व्हिसाचे प्रकार, फी, विमा सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सोडते.

कामाबद्दल मनात शंका ठेवू नकोस. ओमेगा या इथल्या लेसर यंत्राच्या 60 शलाकांपैकी काही सोन्याच्या पोकळ नळीत आतल्या भिंतीवर सोडतात. तिथून निघणारे क्ष-किरण नमुन्याचा पृष्ठभाग उडवतात आणि त्या रेट्याने शॉक, म्हणजे दाबाची जोरदार लाट, आत धावतो. तो मागच्या बाजूला फुटतो तेव्हाचा उजेड, तो रंगांत फोडणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरमधून स्ट्रीक कॅमेऱ्यावर, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर घ्यायचा. काही नॅनोसेकंदांचा खेळ. कुठल्या तरंगलांबीला किती उजेड, यावरून तापमान काढायचं. पण क्ष-किरण शॉकच्या आधीच पोचून नमुना तापवतात, कधी समोरची पारदर्शक खिडकीच आंधळी होते. मग दिसलेला उजेड नक्की कशाचा, हे उलगडण्यात आठवडे जातात. मला अजूनही या कामाचं वेड आहे.

कागदांचं मात्र ऐक. आपल्या विषयामुळे व्हिसाची जादा तपासणी लागू शकते. माझी लागली. पासपोर्ट अडकलेला, जुळे सोलापुरातलं भाड्याचं घर सोडलेलं, सामान बांधून सासरी ठेवलेलं, आणि स्टेटसच्या पानावर रोज तीच ओळ. व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस.

आता शाळा. प्रवेशाच्या वेळी फॉर्म येतो, घरी कोणती भाषा बोलता? आम्ही खरं लिहिलं. माझी लेक घरी मराठी, आजीशी कानडी आणि शेजारच्या पद्मशाली काकूंशी तेलुगू बोलायची, इंग्रजी पुस्तकंही वाचायची. अनोळखी बाईंसमोर ती गप्प बसली, म्हणून तिला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात घातलं, आणि तो तास नेमका विज्ञानाच्या वेळी. तीसपर्यंत पाढे येणारी पोर खिडकीपाशी बसून चित्रांखाली 'सफरचंद', 'बस' असले शब्द इंग्रजीत लिहायची. ते कागद मी अजून टाकलेले नाहीत. ती आता मोठी झालीय, सगळं छान चाललंय. तरी ती मराठीत सुरुवात करून मध्येच इंग्रजीवर जाते तेव्हा माझ्या पोटात तुटतं. आपण हिला इथे कशासाठी आणलं, हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

एकटेपणाचंही विचारलंस. येतो आणि जातो. शेंगाचटणी, कडक भाकरी भरपूर आण.

बायकोचं मात्र आधी बघ. जे-1 वर, म्हणजे पाहुण्या संशोधकांना मिळतो त्या व्हिसावर, आलास तर ती कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, असेल तर सुरुवातीला बहुतेक घरीच बसावं लागेल, आणि ती तिथे नोकरी करते म्हणालास. होकार कळवण्याआधी गटप्रमुखांना मेल करून विचार, व्हिसा कोणता देणार आणि तपासणी लांबली तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलतील का. उत्तर आलं की मला पाठव, मी वाचून सांगते.