चिऱ्यावर चाक आदळल्यानंतर गाडी एका बाजूला ओढत असेल तर

आपण लिहिता की मुंबई-गोवा महामार्गाच्या संगमेश्वर-हातखंबा पट्ट्यात रात्री डावे पुढचे चाक रस्त्यातल्या चिऱ्यावर आदळले, तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते, आणि दोनदा अलाइनमेंट करून, यंत्रावर ‘टो’चा (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळली आहेत त्याचा) आकडा हिरवा, म्हणजे मर्यादेत, दिसूनही फरक पडलेला नाही. (बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला लावलेला चिरा तिथेच सोडून जाणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.) माझ्या मते वाकलेला भाग सापडेपर्यंत तिसऱ्यांदा अलाइनमेंट करण्यात पैसे घालवू नयेत.

आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांत फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) कारखान्यातून ठरूनच येतात. त्यामुळे कारागीर टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) थोडा लांब किंवा आखूड करतो, टो हिरवा होतो आणि गाडी आपल्या ताब्यात मिळते. पण लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारा भाग) वाकलेला असेल तर तो तसाच राहतो. म्हणून कामाआधीचा आणि नंतरचा असा दोन्ही वेळचा छापील अहवाल मागून घ्यावा आणि त्यातील कॅम्बर व कॅस्टरचे डावे-उजवे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून अधिक तफावत असेल, तर काहीतरी वाकले आहे असे समजून शोध घ्यावा. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. आणि धक्क्याने डावा लोअर आर्म मागे सरकला की नेमका डावीकडचाच कॅस्टर कमी होतो.

याची पहिली चाचणी घरच्या अंगणातही करता येते. सपाट जागेवर स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी उभी करावी आणि टायर व मडगार्डची कड यांच्यातील अंतर चाकाच्या पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर मोजावे. डाव्या चाकामागची फट उजव्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरली, तर चाक मागे ढकलले गेले आहे, आणि मग संशय लोअर आर्म, त्याचे बुश (सांध्यातले रबर) किंवा तो ज्या क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईला, बसतो त्यावर जातो. स्ट्रट (स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बरचा जोड) आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) हेही त्याच वेळी पाहून घ्यावेत. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून देण्याची तयारी कोणी दाखवली तरी ती स्वीकारू नये. तो बदलावाच लागतो.

त्याआधी टायर मात्र जरूर पाहावा. साइडवॉलला, विशेषतः आतल्या बाजूला, फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात आणि त्यावर दुरुस्ती नाही. हवा दोन्हीकडे सारखी करून, टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर पुढची दोन चाके आपसात बदलून पाहावीत. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. रस्ते पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरते असतात, तेव्हा ही परीक्षा सपाट रस्त्यावरच घ्यावी. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो विषय बहुधा बॅलन्सिंगचा किंवा वाकलेल्या रिमचा आहे.

किनाऱ्यावरील गाड्यांत आणखी एक अडचण हमखास येते. खाऱ्या हवेने टाय रॉडचा लॉकनट गंजून धरतो, आणि घाईतला कारागीर एका बाजूचा सुटत नाही म्हणून सगळा फरक दुसऱ्या बाजूनेच भरून काढतो. टो बरोबर येतो, पण स्टिअरिंग वाकडे राहते. आदल्या दिवशी नटावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर हे बरेचदा टळते. काम संपल्यावर दोन्ही नट घट्ट केल्याची खात्री समोर उभे राहून करावी. स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तो पुन्हा शून्यावर आणावा लागतो.

आर्म किंवा स्ट्रट बदलण्याची वेळ आली तर खोलण्यापूर्वीच छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असल्यास असा धक्का त्यात बसतो. मात्र साध्या पॉलिसीत टायरची निम्मीच रक्कम मिळते आणि दाव्यामुळे नो क्लेम बोनस जातो, म्हणून खर्च किरकोळ असेल तर तो स्वतः सोसणे परवडते.

दुरुस्तीनंतरही थोडी घरघर राहिल्यास पुढच्या टायरवरून तळहात आडवा, दोन्ही दिशांनी फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर ती झीज चुकलेल्या टोमुळे झालेली आहे. ते टायर अजून पुरेसे जाड असतील तर मागे टाकावेत.