नवार्ण मंत्र पोथीत उघड छापलेला असताना दीक्षा कशाला हवी?

आपला प्रश्न असा आहे की ‘ऐं ह्रीं क्लीं चामुण्डायै विच्चे’ हा नवार्ण म्हणजे नऊ अक्षरांचा मंत्र दुर्गासप्तशतीच्या कोणत्याही पोथीत छापलेला मिळतो, मग तो जपण्यासाठी गुरू का करावा? माझ्या मते सप्तशतीच्या पाठाचे अंग म्हणून, पाठाच्या आधी आणि नंतर १०८ वेळा जप करायला घरचा कुळाचार पुरेसा आहे. मात्र या मंत्राचे स्वतंत्र पुरश्चरण, म्हणजे ठरावीक संख्येचा जप आणि त्यामागून होम वगैरे विधी, करायचे असेल तर ते गुरूवाचून करू नये.

याचे कारण मंत्र जिथे सांगितला आहे तिथेच सापडते. देव्यथर्वशीर्ष या देवीच्या उपनिषदात तो सरळ दिलेला नाही, सांकेतिक शब्दांत दिला आहे. याला मंत्रोद्धार म्हणतात. ‘वाक्’ म्हणजे ऐं, ‘माया’ म्हणजे ह्रीं आणि ‘ब्रह्मसू’ म्हणजे कामबीज क्लीं. पुढे ‘षष्ठं वक्त्रसमन्वितम्’ असे आहे: व्यंजनांतले सहावे अक्षर च, त्याला वक्त्र म्हणजे आकार जोडला की चा. ‘सूर्य’ म्हणजे म. त्याला ‘अवामश्रोत्र’, म्हणजे उजव्या कानाचा उकार, आणि बिंदू दिला की मुं. टवर्गातला तिसरा ड ‘नारायण’ म्हणजे आकार घेऊन डा होतो, ‘वायू’चा य अधराचा ऐकार घेऊन यै होतो आणि शेवटी विच्चे. आता उजवा कान म्हणजे उ हे कोणी कोशात पाहून शिकत नाही. मातृकान्यासात वर्णमालेतले एकेक अक्षर उच्चारत शरीराच्या एकेका जागी हात न्यावा लागतो, आणि उ म्हणताना हात उजव्या कानाकडे जातो. ज्याच्या हाताला ही सवय आहे त्यालाच तो श्लोक उलगडावा, अशी ही योजना आहे. छापखान्याने नऊ अक्षरे उघड केली. हाताची सवय मात्र पोथीतून येत नाही.

माझाच अनुभव सांगतो. वडिलांच्या जुन्या पोथीवरून मी कित्येक नवरात्रे ‘विच्छे’ म्हणत होतो, कारण पान विरले होते आणि जोडाक्षर नीट दिसत नव्हते. एका वर्षी पाठाला बसलेल्या गुरुजींनी मला मधेच थांबवले, विच्चे तीनदा म्हणून घेतले आणि मग षडंगन्यास, म्हणजे मंत्राचे भाग म्हणत सहा अंगांचा न्यास, नव्याने करायला लावला: ऐं म्हणताना हृदय, ह्रींला मस्तक, क्लींला शेंडी, ‘चामुण्डायै’ म्हणताना दोन्ही दंड, ‘विच्चे’ला डोळे आणि अखेरीस पूर्ण मंत्र म्हणून टाळी. इतकी वर्षे मी शेंडीच्या जागी कपाळाला हात लावत होतो, हेही त्याच दिवशी कळले!

अर्थाविषयी थोडेच लिहितो, कारण ऐं, ह्रीं, क्लीं अशा बीजाक्षरांचा शब्दार्थ काढत बसण्यात फारसे हशील नाही. मंत्रपण अर्थावर अवलंबून नसते: सप्तशतीच्या होमात ‘ऋषिरुवाच’ (ऋषी म्हणाले) एवढ्या शब्दांनाही स्वतंत्र मंत्र मानून आहुती देतात, आणि असे ‘उवाच’ व अर्धे श्लोक वेगळे मोजूनच सातशे हा आकडा पुरा होतो. या विभागणीचा बारकाईने विचार शाक्त पंडित भास्कररायांनी आपल्या ‘गुप्तवती’ या टीकेत केला आहे.

पुरश्चरणाचा हिशेब मात्र आधी मांडून पाहावा. मंत्रात जितकी अक्षरे तितके लाख जप, हा सर्वसाधारण नियम धरला तर नवार्णाचे ९ लाख होतात. त्यानंतर दशांशाने, म्हणजे दर पायरीला आधीच्या दहाव्या भागाने, ९०,००० आहुती, ९,००० तर्पणे, ९०० मार्जने (मंत्राने पाणी शिंपडणे) आणि ९० जणांना भोजन. १०८ मण्यांची माळ १०० धरण्याची रीत आहे, म्हणजे वरचे आठ चुकांसाठी सुटतात. रोज दहा माळा केल्या तरी नुसत्या जपाला ९०० दिवस, म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास काळ लागतो. एवढ्या काळात सुतक येते, आजारपण येते, जप मधेच तुटतो, आणि तेव्हा पुढून मोजायचे की पहिल्यापासून, हे छापील पोथीला विचारता येत नाही.

या नवरात्रापुरते विचाराल तर कवच, अर्गला, कीलक ही पाठाआधीची स्तोत्रे, मग नवार्ण, मग तेरा अध्याय आणि पुन्हा नवार्ण, या क्रमाने पाठ करावा. जप ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा, म्हणजे उपांशु ठेवावा, आणि पहिल्या दिवशी तरी कोणा जाणत्याला शेजारी बसवून उच्चार तपासून घ्यावा.