साइट नवी, डोळे तेच

प्रश्न: जुनी मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा आमचा ऑनलाइन गट आहे. अकरा वर्षं मी तिथं रोज जातो. गेल्या महिन्यात साइटचं रूप पालटलं. अक्षरं फिकट झाली. पूर्वी एका नजरेत पंचवीस धागे (एकेका विषयावरच्या चर्चा) दिसायचे, आता सहा दिसतात. नवे प्रतिसाद कुठे आलेत ते कळत नाही आणि जपून ठेवलेल्या जुन्या लिंका उघडत नाहीत. व्यवस्थापक म्हणतात, ‘सवय होईल.’ माझं वय ६३. ताई, दोष माझ्या डोळ्यांचा की साइटचा?
— एक घड्याळवेडा

उत्तर: तोच चष्मा लावून दुसरी एखादी साइट उघडा. ती नीट वाचता आली, तर डोळ्यांना बोल लावू नका.

तुमचे व्यवस्थापक थोडे बरोबर आहेत. बटण डावीकडून उजवीकडे गेलं की हात जुन्याच जागी जातो आणि चिडचिड होते. ती दोन-तीन आठवड्यांत विरते. फिकट अक्षराची मात्र सवय होत नाही, माणूस फक्त कमी वाचू लागतो. यासाठी मोजमाप आहे. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, की नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ला १ हवं. पांढऱ्यावर ७६७६७६ या क्रमांकाचा राखाडी रंग जेमतेम पास होतो. ९९९९९९ हा डिझायनर मंडळींचा लाडका राखाडी २.८५वरच अडकतो. त्यात देवनागरी बारीक वळणाची असली, की आधी अनुस्वार दिसेनासा होतो, मग रफार. ओळी जवळजवळ असतील तर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

आता सहा धाग्यांबद्दल. इथं मला माझीच चूक कबूल करायची आहे. वेबसाइट आखण्याचं काम करायचे तेव्हा एका गटाची यादी मीही अशीच ‘मोकळी’ केली होती. माझ्या मोठ्या पडद्यावर, नमुन्याचे पाच धागे घालून, ती फार देखणी दिसायची. शीर्षकाशेजारचा ‘३ नवे’ हा बारका आकडा मला गिचमिड वाटला, म्हणून उडवला. महिन्याभरात काय झालं? रोज पाच मिनिटं डोकावून एखाद्याची अडचण सोडवून जाणारे लोक यायचे थांबले. त्यांना त्या आकड्यावरूनच कळायचं की आपली गरज कुठे आहे. प्रश्न विचारणारे उरले, उत्तरं देणारे गेले. आकडा मी परत आणला, माणसं सगळी परत आली नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्याला भरगच्च यादी दडपून टाकते हे खरंच, पण गट चालतो तो रोज येणाऱ्यांवर.

मोठ्या साइटनाही हे चुकलेलं नाही. २०१०च्या ऑगस्टमध्ये डिग या, सदस्यांनी लिंका सुचवून मतं द्यायच्या संकेतस्थळानं आपली साइट नव्यानं मांडली, सदस्यांच्या वापरातल्या सोयी काढल्या. चिडलेल्या सदस्यांनी डिगचं पहिलं पान रेडिट या प्रतिस्पर्धी साइटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि पुष्कळ जण तिकडेच गेले. उलट इंग्रजी विकिपीडियानं जानेवारी २०२३मध्ये मजकुराचा रकाना अरुंद केला, तेव्हाही ओरड झाली. अरुंद रकाना वाचायला सोपा असतो. लांब ओळ संपवून परतताना डोळा पुढची ओळ चुकतो, त्यामुळे त्यांचा निर्णय मला पटतो. पण त्यांनी पूर्ण रुंदीचं बटण ठेवलं आणि खातेदारांना जुनं रूप निवडायची मुभाही दिली.

लिंकांचा दोष सर्वांत गंभीर, आणि निस्तरता येण्याजोगा. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर आपोआप पाठवण्याचा नियम सर्व्हरवर लिहिता येतो. तुमच्या अकरा वर्षांच्या धाग्यांत कुठल्या यंत्राला कुठली स्प्रिंग चालते हे लिहिलेलं असणार. ते ज्ञान साइटवर आहे, फक्त दार सापडत नाही.

तूर्त कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान मोठं करा. दुप्पट केल्यावरही मजकूर तुटता कामा नये. तुटला तर तीही नोंद करा. ब्राउझरमधल्या रीडर मोडच्या (पानावरचा फक्त मजकूर दाखवणाऱ्या सोयीच्या) नादी लागू नका. लेखासाठी तो छान, पण धाग्यातले प्रतिसाद बऱ्याचदा गाळतो.

व्यवस्थापकांना लिहिताना ‘जुनंच बरं होतं’ हे वाक्य टाळा, ते वाचून पुढचं कुणी वाचत नाही. पडद्याची दोन चित्रं (स्क्रीनशॉट) जोडा: यादीचं एक, फिकट अक्षरांचं एक. खाली न उघडणाऱ्या दहा लिंका द्या. आणि नव्या प्रतिसादांचा आकडा परत मागा. इतर काही नाही मिळालं तरी चालेल, तो मात्र सोडू नका.